शोकाकुल म्हणून छापलेली तीच नावं

मंडळी, आधी माफी मागतो. कागद फार उशिरा लिहिला.

हेडसरांनी मला सांगितलं होतं, "आजोबा, तुम्ही बोलायला उभे राहिलात की भरकटता. चार ओळी लिहून आणा आणि मंगळवारी मला दाखवा." आज गुरुवार आहे. हा कागद मी आज सकाळी लिहून संपवला आणि सरांना दाखवलेला नाही. चार ओळींचे सहा कागद झालेत. सर, रागावू नका. रागवायचंच असेल तर थोडं थांबा, पुढं अजून कारणं आहेत.

मागं ऐकू येतंय का? नसेल तर हात वर करा. मला माईकची सवय नाही.

मी भागाजी. सहावीतल्या कोमलचा आजा. चौथी पास झालो, पाचवीत महिनाभर बसलो, मग फुलंब्रीकडं मेंढरांमागं गेलो. पुढं शहरात आलो आणि एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून म्हातारा झालो. आता हर्सूलला मुलाकडं असतो. मुलगा रिक्षा चालवतो, सून कंपनीत जाते. म्हणून शाळेत पालक म्हणून मीच येतो. इथल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं आहे.

बोलणं अवघड आहे. समोर पाठक बाईंचा फोटो आहे आणि फोटोच्या बाजूला त्यांची लेक बसली आहे. वैदेहीताई, तुमच्याकडं बघून मला बोलता येणार नाही. मी कागदाकडं बघून बोलतो. तुम्हाला वाईट वाटेल असं काही आलं तर आत्ताच क्षमा मागतो. पण ते येणारच आहे.

कागदात नाही ते आधी सांगतो. आतापर्यंत पाच जण बोलले. बाई शिस्तीच्या होत्या म्हणाले. बाई म्हणजे दुसरी आई म्हणाले. शाळेची न भरून येणारी हानी झाली म्हणाले. मी ऐकत होतो आणि खुर्चीची दांडी घट्ट धरून बसलो होतो. मंडळी, मी इथं रडायला आलो होतो. पण फाटकातून आत येताना माझं रडणं पळालं आणि राग आला. तो अजून गेलेला नाही.

फाटकावर मोठा फ्लेक्स लावलाय. मधे बाईंचा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल', आणि त्याखाली नावं. मला वाचायला वेळ लागतो. बोट लावून वाचावं लागतं. मी उन्हात उभा राहून एकेका नावावर बोट ठेवलं. चौदा नावं होती.

ही चौदा नावं मी याच्या आधी एकदा वाचली आहेत. दुसऱ्या एका कागदावर. त्या कागदावर 'शोकाकुल' लिहिलेलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, 'विषय : पाठक बाई यांच्याविरुद्ध तक्रार.' खाली हीच नावं होती आणि नावांसमोर सह्या होत्या. एकही नाव कमी नाही, एकही जास्त नाही. फ्लेक्सवाल्याला नावं द्यायची म्हणून कुणीतरी तीच यादी दिली असणार. तयार यादी होती ना हाताशी!

हेडसर, मला खाली बसवू नका. मी बसणार नाही. चौदावं नाव माझं आहे. फ्लेक्सवर पण माझं आहे आणि त्या कागदावर पण माझंच आहे. मग मला बोलायचा हक्क आहे की नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगतो. थोडक्यात सांगतो. जमेल तेवढं थोडक्यात.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाईंनी सहावीच्या सगळ्या पालकांना बोलावलं. आम्ही आलो ते घाबरतच. शाळेनं पालकाला बोलावलं म्हणजे पोरानं काहीतरी केलं, असंच आपल्याला वाटतं. मी कोमलला घरी तीनदा विचारून आलो होतो, "कुणाला मारलं का? काही फोडलं का? आत्ताच सांग." ती म्हणाली, "नाय आजा, काहीच नाय."

बाईंनी आम्हाला लेकरांच्या बाकांवर बसवलं. गुडघे पोटाशी आले. बाई म्हणाल्या, "वर्गातला फळा बघा. रोज सकाळी परिपाठाला आपण त्यावर एक सुविचार लिहितो. गेली तीस वर्षं मी लिहिते आहे. 'खरे बोलावे.' 'मोठ्यांचा मान राखावा.' मुलं पाठ करतात, वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात आणि घरी जातात. घरी जाऊन काय बघतात ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. म्हणून यंदा शनिवारचा सुविचार तुम्ही लिहायचा."

लोक खूश झाले. एक जण म्हणाला, मोबाईलवर लई भारी भारी आहेत, रोज येतात.

बाई म्हणाल्या, "मोबाईलवरचा नको. अट एकच आहे. त्या आठवड्यात घरी, तुमच्या हातून जे घडलं तेच लिहायचं. चांगलं घडलं असेल तर चांगलं. वाईट घडलं असेल तर वाईट. जे घडलं नाही ते लिहायचं नाही."

मग मागून फळांच्या गाडीवाले आमचे रफिकभाई बोलले, "बाई, लडकी के साथ हमारा भी पेपर लेते क्या तुम?"

बाई म्हणाल्या, "हो. आणि तपासणार मुलं."

तेव्हा आम्ही हसलो होतो, मंडळी. बाहेर चहाच्या टपरीवर जास्त हसलो. एक जण म्हणाला, "बाईंचं रिटायर व्हायचं वय झालं, डोकं फिरलंय." एक बाई म्हणाली, "आम्हाला काय कामधंदा नाय व्हय, शनिवारी फळा रंगवत बसायला?" मी पण हसलो. मला वाटलं, दोन शनिवार चालेल आणि बंद पडेल.

पहिल्या शनिवारी चार पालक आले. खडू कुणी उचलला नाही. बाईंनी फळा स्वच्छ पुसला, वर वार आणि तारीख लिहिली आणि खालची जागा मोकळी सोडली. दिवसभर फळा तसाच. दुसऱ्या शनिवारी पण तसाच. तिसऱ्या शनिवारी हेडसर वर्गात आले. तेव्हा मी तिथंच होतो. सर म्हणाले, "बाई, तपासणीला साहेब येणार आहेत. फळा रिकामा कसा चालेल? निदान 'झाडे लावा' तरी लिहा."

बाई आमच्याकडं वळल्या. "या आठवड्यात कुणी झाड लावलंय का?"

कुणीच लावलं नव्हतं.

"नाही लावलं, सर," बाई म्हणाल्या.

तपासणीचे साहेब आले. त्यांनी रिकामा फळा बघितला आणि शेरा मारला की वर्गात सुविचार आढळला नाही. बाईंना त्याचं लेखी उत्तर द्यावं लागलं. हे मला पुढं कळलं. तीन आठवडे आम्ही तोंड उघडलं नाही, म्हणून तो शेरा बाईंच्या नावावर लागला. आणि आम्ही टपरीवर चहा पीत होतो.

चौथ्या शनिवारी मी लिहिलं. मोठा शहाणा म्हणून नाही हो. मला ते रिकामं बघवेना. मेंढरांच्या वाड्याला एक जागा उघडी राहिली तर मला रात्रभर झोप लागायची नाही, तसा माझा स्वभाव. त्या आठवड्यात दौलताबादला भावाकडं मेंढरांची लोकर कातरायची होती. कोमलला बघायचं होतं. मी तिला घेऊन गेलो आणि शाळेत चिठ्ठी दिली, 'ताप असल्यामुळे येऊ शकली नाही.' ती चिठ्ठी मीच लिहिली होती आणि कोमलच्याच हातानं पाठवली होती.

मी फळ्यावर लिहिलं, 'नातीला ताप नव्हता. मी खोटी चिठ्ठी दिली.'

खडू दोनदा मोडला. लिहून झालं आणि मी खाली मान घालून उभा राहिलो. मला वाटलं आता बाई रागावतील. नाहीतर शाबास म्हणतील. बाईंनी दोन्ही केलं नाही. त्या शेवटच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "आजोबा, इथून दिसत नाही. मोठं लिहा."

मला ते पुसून परत लिहावं लागलं. मोठं. मग सगळ्या वर्गानं ते मोठ्यानं वाचलं. चाळीस लेकरं एका सुरात म्हणाली, 'मी खोटी चिठ्ठी दिली.' कोमल पण म्हणाली. घरी जाताना ती माझा हात धरून चालली, जो तिनं पाचवीपासून सोडला होता.

त्यानंतर एकेक जण लिहायला लागला. रफिकभाईंनी लिहिलं की त्यांनी चांगल्या सफरचंदांखाली सडकं घालून तोलून दिलं. एका आईनं लिहिलं, 'मी थोरल्याला दुधाचा पेला भरून देते, धाकटीला अर्धा.' तिचं लिहून झालं आणि ती मागच्या मागं निघून गेली, वर्गाकडं तोंड केलं नाही. धाकटी याच वर्गात होती. पुढच्या शनिवारी ती आई परत आली. काही लिहिलं नाही. नुसती लेकीच्या शेजारी बाकावर बसली. बाईंनी तिला काहीही विचारलं नाही.

बाई कुणालाच काही म्हणायच्या नाहीत. "मागं दिसतंय का?" एवढंच. आणि जाताना ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मंडळी. मग पाच जण बोलले, त्यातल्या एकानं तरी हे सांगितलं का? फळ्याचं नाव कुणी काढलं का? बाई रांगोळी सुंदर काढायच्या, हे मात्र सांगितलं!

आता पुढचं. अध्यक्षसाहेब, आपण इथं समोर बसला आहात. शाळेच्या समितीचे अध्यक्ष आहात, मोठे आहात, मी आपल्यासमोर किडामुंगी आहे. तरी सांगतो. मी खोटं सांगितलं तर मधेच उठून म्हणा, 'म्हातारा खोटं बोलतोय.'

साहेब नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आले. सोबत दोन माणसं होती, फोटो काढायला. साहेबांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'वडीलधाऱ्यांचा मान राखावा.' फोटो निघाले. बाई म्हणाल्या, "साहेब, अट ठाऊक आहे ना? घरी घडलेलं."

साहेब हसले. "अहो बाई, आमच्या घरचे संस्कारच आहेत तसे."

बाईंनी वर्गाला विचारलं, "मागं दिसतंय का?"

पोरं म्हणाली, "हो बाई."

आणि तिसऱ्या बाकावरची साहेबांची लेक सई उभी राहिली. तिनं काही ठरवून केलं नाही. तिला वाटलं, तपासायचं म्हणजे तपासायचं. ती म्हणाली, "बाई, हे घरी झालेलं नाही. पप्पा आजीला म्हणतात, 'तू गप बस, तुला काय कळतं.' रोज म्हणतात. काल पण म्हणाले."

फोटो काढणाऱ्या माणसानं मोबाईल खाली घेतला.

बाई म्हणाल्या, "मग पुसावं लागेल, साहेब." आवाज चढवला नाही. सगळ्यांना म्हणायच्या तशाच म्हणाल्या. डस्टर पुढं केला.

साहेबांनी पुसलं. अर्धं पुसलं आणि डस्टर टाकून गेले.

साहेब, मला आज वाटतं, तुम्ही त्या दिवशी तिथंच खडू घेऊन लिहिलं असतं की 'मी आईला गप बस म्हणतो', तर त्या चाळीस पोरांनी तुम्हाला जन्मभर डोक्यावर घेतलं असतं. माझ्यासारख्याला घेतलं, तर तुम्हाला घेतलं नसतं का? पण तुम्ही घरी गेलात आणि कागद लिहायला बसलात.

तिसऱ्या दिवशी तो कागद घरोघर फिरला. त्यात लिहिलं होतं की बाई लेकरांसमोर पालकांचा अपमान करतात, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणतात, अभ्यास सोडून भलते उद्योग करतात. आमच्या दारात साहेबांचा माणूस आला. मी ओट्यावर बसलो होतो. कोमल बाजूला बसून पाटीवर चित्र काढत होती. माणूस म्हणाला, "आजोबा, इथं सही. तेरा झाल्यात."

मी म्हणालो, "मला नाय वाटलं अपमान झाला असं."

तो म्हणाला, "तुम्हाला वाटायचं काय काम? नात पुढची चार वर्षं इथंच शिकणार ना?"

एवढंच म्हणाला. धमकी दिली असं मी म्हणणार नाही, नुसतं विचारलं. आणि मी भ्यालो. मी जन्मभर भीतच आलोय, मंडळी. गेटवर रात्री पानं वाजली तरी मी भ्यायचो. मी विचार केला, पोरीचं काय होईल? तिला नापास करतील का? तिला मागं बसवतील का? मी सही केली. आणि मनात म्हणालो, हरकत नाही, शनिवारी फळ्यावर लिहीन की मी भिऊन सही केली, म्हणजे ते फिटेल.

इतका मूर्ख! मला वाटलं फळा आहे तर सगळं पुसता येतं!

शनिवार आलाच नाही. शुक्रवारीच वरून आदेश आला, पालकांचे शनिवार बंद. फळ्यावर परत छापील पुस्तकातले सुविचार सुरू झाले. बाईंवर चौकशी लागली. चौदा सह्यांचा कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि प्रत्येक तक्रारदाराबद्दल वेगळा खुलासा लिहा म्हणून सांगितलं. रिटायर व्हायला थोडे महिने राहिलेली बाई रोज शाळा सुटल्यावर बसून ते लिहीत होती. शाळेच्या शिपायानं मला सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या नावापुढं बाईंनी काहीच लिहिलेलं नाय. कोरं ठेवलंय."

मग जानेवारीत बाई आजारी पडल्या. तक्रारीमुळं पडल्या असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी पोटात गाठ सांगितली, ती आधीपासूनची असणार. जे मला माहीत नाही ते मी म्हणणार नाही. पण आजारपणात माणसाला शांत पडू द्यावं, तेवढंही आपण होऊ दिलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मी सगळ्यात जास्त भितो. बोलून टाकतो.

मी कोमलला घेऊन दवाखान्यात गेलो. बाई अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. कोमलला त्यांनी जवळ घेतलं. मग मला म्हणाल्या, "आजोबा, एक विचारू? त्या कागदावर तुमची सही आहे. तुम्हाला खरंच अपमान वाटला होता का? वाटला असेल तर माझं चुकलं. मला ते समजून घ्यायचं आहे. म्हणून तुमच्यापुढची जागा मी मोकळी ठेवली आहे."

मंडळी, बाई मरणाच्या दारात होत्या आणि मला विचारत होत्या की त्यांचं काय चुकलं.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "सही? माझी नाय ती, बाई. कुणीतरी माझ्या नावानं केली असंल."

ज्या बाईनं माझं अक्षर चाळीस लेकरांपुढं दोनदा लिहून घेतलं, तिला मी म्हणालो, माझी सही नाही.

बाई म्हणाल्या, "बरं."

वैदेहीताई, मला तुमच्या आईचा पण राग आहे. खरं सांगतो. 'बरं' का म्हणाल्या? 'खोटारड्या, चालता हो' का नाही म्हणाल्या? मी पायावर पडलो असतो. वर्गात 'पुसावं लागेल' म्हणणाऱ्या बाई तिथं 'बरं' का म्हणाल्या? का मी आता पुसण्याच्याही लायकीचा राहिलो नव्हतो? तो 'बरं' मला जेवू देत नाही.

जिन्यात कोमल थांबली. म्हणाली, "आजा, तू सही केली तवा मी तिथंच बसले होते."

मी म्हणालो, "पोरी, बाईंना वाईट वाटू नये म्हणून म्हणालो."

ती म्हणाली, "नाय. तू भ्याला."

अकरा वर्षांची पोर. नऊ दिवसांनी बाई गेल्या.

तेव्हापासून कोमल माझ्याशी बोलते, जेवायला हाक मारते, सगळं करते. पण मी काही सांगितलं की आईला जाऊन विचारते, 'आजा म्हणतो ते खरंय का गं?' मी म्हणालो आज भाजीला मेथी आणलीय, तरी पिशवीत बघून येते. कोमल आत्ता तिथं पुढं सतरंजीवर बसली आहे. ती खाली बघते आहे. बघू दे.

तुम्ही सगळे म्हणता, शाळेनं लेकरांना वळण लावावं. मूल्यशिक्षणाचा तास आहे, पुस्तक आहे, मार्क आहेत, मग आमचं काय काम? मंडळी, आपलंच तर काम! शाळेत पाच तास शिकलेलं आपण घरी ओट्यावर बसून एका सहीत धुऊन काढतो. बाईंना एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटल्याबद्दल आपण त्यांच्यावर चौकशी लावली. आणि आज त्यांच्या फोटोखाली आपली नावं छापली, ती सुद्धा त्यांच्यापेक्षा मोठ्या अक्षरात!

आता कामाचं बोलतो, मग थांबतो.

मी कार्यालयात क्लार्कला विचारलं, "बाई गेल्या, आता चौकशीचं काय?" तो म्हणाला, "आजोबा, माणूस मयत झाला की चौकशी बंद होते."

मी म्हणालो, "म्हणजे बाई निर्दोष?"

"नाय. निर्दोष पण नाय आणि दोषी पण नाय. तक्रार आहे तशी फायलीत राहते. सोमवारी फाईल वर जाणार."

मी विचारलं, "आणि तक्रार करणाऱ्यांनीच लिहून दिलं की आमची तक्रार खोटी होती?"

तो म्हणाला, "मग ते कागद फायलीला लागतील. जेवढे येतील तेवढे. पण सोमवारच्या आत."

तीस वर्षांवर नोकरी केलेल्या बाईंच्या नावाखाली शेवटचा कागद तो राहणार आहे. कुणीही पुढं फाईल उघडेल आणि वाचेल, ही बाई पालकांचा अपमान करायची, चौदा जणांची सही आहे. वैदेहीताईंची मुलं वाचतील. मला हे सहन होत नाही.

मी माझा कागद लिहिला आहे. वाचतो, दोनच ओळी आहेत. 'पाठक बाईंनी माझा कधीही अपमान केला नाही. मी भिऊन खोटी सही केली आणि विचारल्यावर सही माझी नाही असं खोटं बोललो.' खाली सही आहे. वैदेहीताई, ही नीट बघून घ्या. ही माझीच आहे.

हेडसर, हा कागद आत्ता सगळ्यांसमोर तुमच्या हातात देतो. घ्या. पोच द्या.

राहिले तेरा जण. मी कुणाचं नाव घेणार नाही, फाटकावर छापलेली आहेत. रफिकभाईंचं नाव त्यात नाही, हे पण सांगतो. त्यांच्या दारात पण माणूस गेला होता. ते म्हणाले होते, "जो मैंने खुद लिखा, वो मेरी बेइज्जती कैसे?" त्यांना पण लेक आहे याच शाळेत. ते नाही भ्याले.

साहेब, तुम्ही उठून म्हणाला नाहीत की म्हातारा खोटं बोलतोय. तुमचे आभार. आता कागद पण द्या. तुमचा आला तर बाकीचे आपोआप येतील.

कोमलला याचा त्रास होईल का, ही भीती मला आत्ता या क्षणाला पण वाटते आहे. तरी कागद मी मागं घेणार नाही. काय व्हायचं ते होऊ द्या.

आता आपण बाईंसाठी दोन मिनिटं उभं राहू. डोळे मिटले नाहीत तरी चालेल. मोबाईल मात्र बंद करा. आणि ज्यांची नावं त्या यादीत आहेत त्यांनी या दोन मिनिटांत एवढंच ठरवा, देणार की नाही.

काय ठरलं ते मला लवकर कळवा. हर्सूलच्या जेलच्या भिंतीवरून पुढं गेलं की डाव्या हाताला आमचं घर आहे, कुणीही दाखवेल. मी शनिवारी दिवसभर ओट्यावर बसून राहणार आहे. देणार नसाल तर तसं पण येऊन सांगा, वाट बघायला लावू नका, माझ्या जिवाला ते सोसत नाही. फक्त निरोप लेकरांच्या हाती पाठवू नका. स्वतः या.

उभे राहा, मंडळी.